सोप्यातली बालवाडी : आमची वाटचाल

सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरात आमची बालवाडी जून 2012 पासून चालते. पहिल्या वर्षी 7 मुलं होती, आज दोन गटांत मिळून 38 आहेत. घरचा कर्ता माणूस 2011 मध्ये गेला. मागे सासूबाई, दोन लहान मुलं आणि हे घर राहिलं. दुपारी एकनंतर घरच्या मुलांसाठी मोकळं राहता येईल आणि भाडं भरावं लागणार नाही, असा हा एकच उद्योग दिसला. घरात बालवाडी काढायचा विचार करणाऱ्या, विशेषतः आमच्यासारख्या परिस्थितीतल्या बायकांना उपयोग व्हावा म्हणून सगळं आकड्यांसकट लिहीत आहोत.

आधी घराचे कागद. नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि घर त्याच्या एकट्याच्या नावावर असलं, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई या सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. आमच्याकडे असे चार वाटे झाले. मिळकत पत्रिकेवर चौघांची नावं लावून घेणं हे पहिलं काम. पुष्कळ जणी ते 'पुढे बघू' म्हणून ठेवतात, आणि मग घरपट्टीपासून बँकेपर्यंत प्रत्येक ठिकाणी गाडी अडते. सासूबाईंचं संमतीपत्र साध्या मुद्रांकावर घेतलं. मुलं अज्ञान होती, आणि अज्ञान मुलाचा वाटा गहाण टाकायला किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायला न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे घर तारण ठेवून कर्ज काढण्याचा विचार तेव्हाच सोडला. सुरुवात 60 हजार रुपयांत केली, आणि त्यातले निम्म्याहून जास्त संडास, नळ आणि फरशी यांतच गेले.

आमच्या भागातल्या जुन्या घरांना पुढे ओटा, मग सोपा म्हणजे बाहेरची मोठी खोली, मग माजघर आणि मागे परडं म्हणजे मागचं अंगण असतं. बालवाडी सोप्यात आणि परड्यात. माजघराचा उंबरठा ओलांडून शाळेचं काही आत येत नाही आणि घरातलं काही बाहेर जात नाही. हा नियम आम्ही दुसऱ्या वर्षी केला, कारण पहिल्या वर्षी तो नव्हता. स्वयंपाकघरातला कुकर शिट्ट्या द्यायचा, मुलं दचकायची. पाहुणे सोप्यातूनच आत यायचे. घरातली औषधं कोनाड्यात असायची. आता उंबरठ्यावर साडेतीन फुटी लाकडी फाटक आहे आणि त्याची कडी आतल्या बाजूने, मुलांच्या हाताला न लागणारी. पाहुण्यांसाठी बोळातलं दार. शाळेच्या वेळात गॅस पेटत नाही, दुपारचा स्वयंपाक सकाळी सातलाच उरकतो.

सोपा 24 बाय 14 फूट, म्हणजे 336 चौरस फूट. 2013 च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात 30 मुलांसाठी 35 चौरस मीटरची खोली सांगितली आहे. त्या हिशेबाने आमच्या सोप्यात 26 मुलं बसतील, पण कपाटं आणि दाराची जागा वजा केली की 22. यापेक्षा जास्त मुलं एका वेळी घ्यायची नाहीत हे ठरलेलं आहे. दरवर्षी जूनमध्ये 'एकच घ्या हो' म्हणून आग्रह होतो. जागा कमी पडली की मुलं ढकलतात, चावतात, आणि मग ताईंचा सगळा वेळ भांडणं सोडवण्यात जातो, हे आम्ही 2014 मध्ये 27 मुलं घेऊन पाहिलं आहे. म्हणून दोन गट केले. मोठा गट सकाळी 8 ते साडेदहा, 20 मुलं. छोटा गट 11 ते सव्वा, 18 मुलं. मधल्या अर्ध्या तासात फरशी पुसणं, संडास धुणं, खेळणी बदलणं. ताई दोन, मावशी एक, दोन्ही गटांना त्याच. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत 20 मुलांमागे एक शिक्षिका आहे. तीन वर्षांच्या मुलांना ते पुरत नाही असं आमचं स्पष्ट मत आहे. एक मूल चड्डीत शू करतं, त्याला धुवायला एक माणूस गेला की उरलेल्यांकडे कोणीतरी लागतंच.

संडासाचं दार तीन फुटी आहे, वरून उघडं, आणि त्याला आतून कडी नाही. मूल आत अडकणं हा घरगुती बालवाडीतला सगळ्यात नेहमीचा प्रसंग, आणि तो कडी काढून टाकल्याने कायमचा संपतो. नळ जमिनीपासून 18 इंचांवर. दारांच्या बिजागरीच्या बाजूला रबरी पट्टी लावली आहे, कारण बोटं चेमटतात ती कडीच्या बाजूला नाही, बिजागरीच्या फटीत. गुळगुळीत फरशी ओली झाली की घसरते, म्हणून पाणी प्यायच्या जागी खरखरीत शहाबादी. परड्यात पिवळी बिट्टी आणि कण्हेर होती. दोन्ही विषारी, दोन्ही मुळासकट काढली. त्या जागी जास्वंद आणि तुळस लावली.

खेळण्यांच्या बाबतीत एक सोपं माप सांगतो. कॅमेऱ्याच्या जुन्या रिळाची प्लास्टिकची डबी ठेवा. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांच्या मुलाच्या घशात अडकू शकते, ती छोट्या गटाला द्यायची नाही. डब्यातल्या खाऊचंही तसंच. आमच्याकडे तासगावची द्राक्षं जानेवारीपासून घरोघर येतात आणि डब्यात अख्खी येतात. ती उभी चिरून चार फोडी कराव्या लागतात. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे बंद, कुटाचा लाडू चालतो. काही अडकलंच तर पाठीवर पाच थापा, मग पोटावर पाच दाब, हे दोन्ही ताई आणि मावशी दर जूनमध्ये भरलेल्या बाहुलीवर करून बघतात.

नवीन मुलं रुळवणं ही आमच्या कामातली खरी कसोटी. सगळी 18 मुलं एकाच दिवशी आली तर एकाच्या रडण्यावर बाकीची रडतात. म्हणून दर दोन दिवसांनी तीन मुलं घेतो, म्हणजे भरती पूर्ण व्हायला 12 दिवस लागतात. पहिले तीन दिवस 45 मिनिटं, आई ओट्यावर बसलेली, मुलाला दिसेल अशी. चौथ्या दिवशी ती 'मी भाजी घेऊन येते' असं सांगून उठते आणि खरंच 20 मिनिटांत परत येते. मुलाची नजर चुकवून पळायचं नाही, हे आयांना दहा वेळा सांगावं लागतं. ज्याची आई न सांगता गेली ते मूल दुसऱ्या दिवशी दारालाच चिकटून बसतं, खेळत नाही, आणि त्याचं रुळणं आठवडाभर लांबतं. शांत झालेली मुलं दुसऱ्या सोमवारी पुन्हा रडतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा. त्यात काही बिघडलेलं नसतं.

गणपती झाले की पालक वही मागायला लागतात. शेजारच्या मुलाला ए बी सी डी येते, आमच्याला पेन्सिल धरता येत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत आणि मनगटात लिहिण्याइतकी ताकद आलेली नसते. जबरदस्तीने लिहायला लावलं तर ते पेन्सिल मुठीत धरतं, आणि ती सवय पहिलीपर्यंत सुटत नाही. आमचा क्रम असा : छोट्या गटात कणीक मळणं, कागद फाडणं, शेंगा सोलणं, कपड्याचे चिमटे दोरीला लावणं. मोठ्या गटात मोठे मणी ओवणं, पाटीवर उभ्या-आडव्या रेघा, गोल, अर्धगोल. दिवाळीनंतर वाळूची अक्षरं. ती घरीच करतो. सहा इंची जाड पुठ्ठा, त्यावर पेन्सिलीने अक्षर, रेघेवर बोटभर रुंद फेविकॉल, वरून चाळलेली बारीक कोरडी वाळू, आणि रात्रभर वाळवून झटकणं. वाळू चाळली नाही तर बोट खरचटतं आणि मूल पुन्हा हात लावत नाही. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने देत नाही, वळणाच्या क्रमाने देतो : ग म भ न, मग र स ख, मग व ब क. वही फेब्रुवारीत येते.

हे आमच्या डोक्यातून आलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर डहाणूजवळच्या कोसबाडला बिया, खडे, पानं, शंख यांवर बालवाडी उभी करून दाखवली. बालशिक्षण मुलांच्या अंगणात न्यायची कल्पनाही तिथलीच. अनुताई स्वतः बालविधवा होत्या. हे पालकसभेत आम्ही मुद्दाम सांगतो.

ते सांगायचं कारण आहे. सुरुवातीला काही घरांतून आडून विचारणा झाली की संक्रांतीचं हळदीकुंकू बालवाडीत कोण करणार. तेव्हापासून जानेवारीत आम्ही तिळगूळ समारंभ करतो. आया, आज्या, आत्या, मावश्या सगळ्या येतात, सगळ्यांना वाण दिलं जातं, कुंकू कोणाला लावायचं हा प्रश्नच तिथे येत नाही. मे 2022 मध्ये आमच्यापासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. प्रवेश अर्जावरही 'वडिलांचं नाव' असा सक्तीचा रकाना नाही. 'पालक एक' आणि 'पालक दोन' आहे, आणि दुसरा रिकामा राहिला तर कोणी विचारत नाही.

पैशाचा हिशेब. फी वर्षाला 14,400. सुरुवातीला महिन्याला 1,200 घ्यायचो. एप्रिल-मे कोणी द्यायचं नाही, आणि ताईंचा पगार तर बारा महिने द्यायचा. मग तीन हप्ते केले : प्रवेशाला 6,000, दिवाळीआधी 4,800, 26 जानेवारीआधी 3,600. शेवटचा हप्ता मार्चवर ठेवायचा नाही, स्नेहसंमेलन झालं की काही मुलं येणंच बंद होतात. वर्षाला 5,47,200 जमतात. ताईंना दरमहा 9,000 प्रमाणे 2,16,000, मावशींना 6,000 प्रमाणे 72,000. साहित्य, खाऊ, वीज, दुरुस्ती, घरपट्टी मिळून साधारण 70 हजार. हातात महिन्याला साडेपंधरा हजारांच्या आसपास उरतात. यात कोणी श्रीमंत होत नाही, पण घर चालतं. शाळेचं बँक खातं वेगळं, आणि त्यातून घरखर्चाला ठरलेली रक्कम दर पाच तारखेला निघते. मध्ये गरज लागली तरी शाळेच्या खात्याला हात लावायचा नाही, नाहीतर मे महिन्यात पगाराला पैसे नसतात. घरातूनच व्यवसाय असेल आणि वीजवापर महिन्याला 300 युनिटांच्या आणि वर्षाला 3,600 युनिटांच्या आत असेल, तर महावितरण घरगुती दरच लावतं. म्हणून दोन्ही गट दिवसाउजेडी ठेवले आणि छपरात चार काचेची कौलं बसवली.

कोरोनात मार्च 2020 पासून जवळपास दोन वर्षं बालवाडी बंद होती. तीन वर्षांच्या मुलाला मोबाइलसमोर बसवून फी घेणं आम्हाला पटलं नाही. दर शनिवारी ओट्यावरून साहित्याची पिशवी द्यायची, 250 रुपये महिना : कणकेचा रंग, मणी, चित्रं, आईसाठी एक पान सूचना. 11 घरं टिकली. पगार अर्धे दिले, ते नंतर भरून काढले.

पुराची गोष्ट सांगलीबाहेरच्यांना कदाचित लागू नाही, पण नदीकाठी असाल तर उपयोगी आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. पहिल्या पुरात प्लायवूडची कपाटं फुगून उकलली, लाकडी ठोकळे काळे पडले. आता मांडण्या स्टीलच्या, विजेचे बोर्ड पाच फुटांवर, प्रवेशाची वही माळ्यावर. 40 फुटांची बातमी आली की शाळा बंद आणि सामान वर. पाणी उतरताना गाळ ओला असतानाच पाण्याबरोबर ढकलून काढायचा, वाळला की तो कुदळीनेही निघत नाही. मग ब्लीचिंग पावडर. भिंतीची ओल जायला आठवडे लागतात. रंग लगेच दिला तर पापुद्रे सुटतात आणि मुलं ते तोंडात घालतात, म्हणून रंग दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबवला.

मुलं घरी सोपवताना प्रत्येकाचं कार्ड आहे, त्यावर नेणाऱ्या तीन माणसांचे फोटो. चौथं माणूस आलं तर पालकाला फोन झाल्याशिवाय मूल द्यायचं नाही, मग तो सख्खा काका का असेना. त्यावरून रुसवे झाले, तरी नियम तसाच आहे. ताई आणि मावशी यांची पोलिस पडताळणी केली आहे. शाळेच्या वेळात घरातला कुठलाही पुरुष, अगदी आमचा मुलगासुद्धा, सोप्यात किंवा परड्यात येत नाही.

2025 मध्ये तो मुलगा 18 वर्षांचा झाला. मुलगी आधीच सज्ञान आहे. त्यामुळे संमतीपत्र चौघांच्या सहीने नव्याने केलं आणि घरावर छोटं कर्ज काढण्याचा रस्ता पहिल्यांदाच मोकळा झाला. दीड लाखाचा अंदाज आहे. त्यातून परड्यात दुसरा संडास, त्याला लागून धुण्याचा ओटा आणि वर पत्र्याची पडवी होईल, म्हणजे पावसाळ्यातही मुलांना बाहेर खेळता येईल. काम मे महिन्यात सुट्टीत करायचं आहे. पत्र्याच्या कडा सिमेंटमध्ये दाबून घ्यायच्या, हे गवंड्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे.