कान धरायला बरा

शेजारची नववीतली पोर दुपारभर गॅलरीत येरझारा घालत मोठमोठ्यानं पाठ करत होती. अस्थिबंध हाडाला हाड जोडतात, स्नायुरज्जू हाडाला स्नायू जोडतात. मग कास्थी आली. "नाक, कान, स्वरयंत्र, श्वासनलिका." नाक म्हणताना नाकाला आणि कान म्हणताना कानाला हात लावत होती. वामकुक्षीचं तर खोबरं झालंच होतं. पडल्या पडल्या माझाही हात कानाकडे गेला आणि तिथंच रेंगाळला.

मला कानाशी चाळा करायची जुनी खोड आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मावस-मामेभावंडं जमलो की कानाचा वरचा काठ दुमडून भोकात खुपसायचो आणि श्वास रोखून बसायचो. घडी झालेला कान थोडा वेळ तसाच राहायचा. कुणी हसवलं किंवा भुवई जरा वर गेली की फट्‌दिशी सुटून जागेवर. कुणाचा जास्त टिकतो यावर पैजा लागायच्या, पैजेला कैऱ्या. काहींचे कान एवढे ताठ की घडीच व्हायची नाही. त्यांना आम्ही अंपायर करायचो.

ही सगळी करामत लवचिक कास्थीची. इलॅस्टिनच्या तंतूंचं दाट जाळं तिच्यात असतं. गुडघ्यातली कास्थी वेगळ्या जातीची, भार सोसणारी; कानातली वाकते आणि मुकाट परत सरळ होते. शाळेत पाढा अडला की खडूनं पांढरी झालेली दोन बोटं यायची, वरचा काठ धरायची आणि किल्ली दिल्यासारखा पीळ द्यायची. पोरगा टाचा उचलून त्या दिशेनं वर जायचा. सोडल्यावर कान लाल, गरम, पण आकार जसाच्या तसा. मास्तर पाळी सहसा धरायचे नाहीत. पाळीत कास्थी नसतेच. नुसती चरबी आणि सैल संयोजी ऊती, पकड निसटते. शरीरशास्त्र न शिकवताही त्यांना ते बरोबर ठाऊक होतं.

पाळीच्या वाट्याला मात्र सगळा मान. गवई गुरूचं नाव घेताना हात लावतो तो पाळीला. बाळाचे कान टोचायला सोनार येतो, तार आरपार जाते, बाळ किंचाळतं, आणि हळद-तेल लावून होईस्तोवर सगळं निवलेलं असतं. पाळीला रक्ताचा पुरवठा भरपूर, जखम भरायला वेळ लागत नाही. पण पाळी बिचारी परत सरळ होणाऱ्यातली नव्हे. माझ्या आजीचे कान ओघळले होते. कुड्यांच्या भारानं भोकांच्या उभ्या चिरा झालेल्या. मग वेल आले, केसांत अडकवून थोडा भार वर घेणारे, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढं कुड्या डब्यात गेल्या, तरी आरशासमोर उभी राहिली की ती चिमटीनं चिरेची दोन्ही टोकं जुळवून बघायची.

नाहीतरी वयाबरोबर कान वाढतातच. इंग्लंडमधल्या एका डॉक्टरनं १९९५ साली तिथल्या पेशंटांचे कान मोजून तसा लेखच छापला. सरासरी वर्षाला ०.२२ मिलिमीटर. म्हणजे पन्नास वर्षांत एक सेंटिमीटरहून जास्त. हाडं वाढायची थांबतात, उंची उतरणीला लागते आणि कान आपले चाललेत. ऐकू कमी यायला लागतं तेव्हाच नेमका कान मोठा होतो, याला काय म्हणावं!

भिकबाळीचं प्रकरण वेगळं. ती पाळीत नाही, कानाच्या वरच्या भागात घालतात. म्हणजे तार कास्थीतून जाते. हल्ली ढोल-ताशा पथकातली पोरं हौसेनं टोचून घेतात आणि मग कित्येक आठवडे त्या कुशीवर झोपता येत नाही म्हणून कुरकुरतात. कास्थीत रक्तवाहिनीच नाही. तिला जे काही खायला मिळतं ते वरच्या पातळ आवरणातून झिरपून. त्यामुळे ती सावकाश जगते आणि दुखावली तर सावकाश बरी होते, होतेच असं नाही.

ते बघायचं असेल तर तालमीत जावं. कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्या लागल्या की मी पट काढणारे हात कमी आणि कान जास्त बघतो. आमच्या मामांच्या ओळखीचे एक वस्ताद होते. त्यांचा डावा कान आल्याच्या गड्ड्यासारखा. खळगे बुजलेले, काठ आत वळलेला, भोक जेमतेम करंगळीएवढं. लहानपणी त्यांनी मला हात लावू दिला होता. मऊ काहीच लागेना. मानेत कस घालून डोकी घासली जातात तेव्हा कास्थीवरचं आवरण सुटतं आणि मध्ये रक्त साकळतं. वेळेत सुईनं काढून कान दाबून बांधला तर वाचतो. नाहीतर खालची कास्थी उपाशी मरते आणि तिच्या जागी घट्ट, आडमुठी तंतुमय ऊती भरते. मास्तरांच्या पिळाला जो दाद देत नव्हता तो कान असा कायमचा मोडतो. पैलवान तो लपवत नाहीत. वस्ताद तर फोटोला डावी बाजू पुढं करायचे.

स्नायूंचं तर विचारूच नका. प्रत्येक कानाभोवती तीन आहेत, पुढं, वर आणि मागं. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टेवाले, म्हणजे ऐच्छिक. गाई-कुत्र्यांचे चालतात, आपल्यात बहुतेकांची इच्छा तिथपर्यंत पोचतच नाही. वर्गात एकच मुलगा कान हलवायचा आणि तेवढ्या भांडवलावर तो मॉनिटर झाला. मधल्या कानात याहून धाकटा एक आहे, जेमतेम ६ मिलिमीटरचा, शरीरातला सगळ्यात लहान पट्टेवाला स्नायू. मोठा आवाज आला की रिकीब नावाचं इवलं हाड तो ओढून धरतो आणि आवाजाची धार कमी करतो. आपण बोलायला तोंड उघडायच्या आधीच आवळून तयार असतो. फक्त सुतळी बॉम्बपुढं त्याचं चालत नाही. तो सावध होईस्तोवर बॉम्ब फुटून गेलेला असतो.

या धाकट्याची ओळख मला पुस्तकातून नाही, आईमुळं झाली. एका सकाळी तिच्या तोंडाची एक बाजू लुळी पडली. डोळा मिटेना, चहा ओठांतून ओघळायला लागला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि ती सारखी एकच सांगत होती, "भांडी हळू ठेवा रे, डोक्यात घण बसल्यासारखं होतंय." आम्हाला वाटलं घाबरलीय. डॉक्टरांनी मात्र मान डोलावली. चेहऱ्याची जी नस सुजली होती तिचाच एक फाटा त्या ६ मिलिमीटरच्या स्नायूला जातो. तो ढिला पडला, रिकीब मोकळी सुटली, आणि घरातला प्रत्येक चमचा तिच्या कानात आपटायला लागला. कुकरच्या शिट्टीला ती दोन्ही हातांनी कान दाबून मागच्या दारी जायची. गोळ्या, डोळ्यावर पट्टी, आरशासमोर गाल फुगवणं, असं करत करत चेहरा हळूहळू जागेवर आला. आवाजाचंही म्हणे पूर्ण बरं झालंय.

तरी तिच्यासमोर भांडी आपटायची आमच्याकडे अजून कुणाची टाप नाही. आणि आता दुखत नाही, हे ती मुद्दाम सांगत नाही असा माझा दाट संशय आहे.