‘मला काहीच वाटत नाही’ म्हणणारी नायिका

हलकीफुलकी प्रेमकथा हातात घेतली की शेवट आधीच ठाऊक असतो. दोघं एकत्र येणार, शंकाच नको. अमेरिकन अभ्यासक पामेला रेजिस यांनी 2003 साली प्रेमकादंबरीचे आठ अनिवार्य घटक मांडले. भेट, अडसर, ओढ, कबुली अशा त्या घटकांमध्ये शेवटची जुळणीही आहे. तेव्हा ‘पुढे काय होणार’ या उत्सुकतेवर वाचायला बसलात तर शंभराव्या पानाच्या आत जांभया सुरू होतील. त्यातून गोष्ट प्रथमपुरुषी असेल, तर खरी गंमत वेगळ्याच जागी असते. सांगणारी ‘मी’ स्वतःलाच गंडवत असते आणि ते तिच्या आधी आपल्याला कळतं.

उदाहरणादाखल चार ओळी रचून पाहू:

‘मला त्याच्यात काडीचाही रस नव्हता. तो मीटिंगला आला, समोर बसला. उजव्या बाहीचं बटण तुटलं होतं. काल होतं ते.’

सगळी मजा शेवटच्या तीन शब्दांत आहे. काल बटण होतं हे हिला कसं माहीत? म्हणजे कालही बाई त्याच्या बाहीकडेच बघत होत्या! आता हेच तृतीयपुरुषात: ‘त्याच्याकडे आपलं लक्ष जातंय हे तिला कबूल करायचं नव्हतं.’ चूक काहीच नाही, पण लेखकाने सगळं सांगून टाकलं आणि वाचकाला काम उरलं नाही. (तृतीयपुरुषातही बटण दाखवता येतं, येत नाही असं नाही. पण स्वतःच्या तोंडाने खोटं बोलणाऱ्या माणसाची लज्जत त्याला नाही.)

म्हणून वाचताना एक साधी युक्ती करावी. नायिका ‘मला काय त्याचं’ छापाचं काही म्हणाली, की पुढच्या चारपाच ओळींत तिने त्याच्याबद्दल नेमकं काय टिपलंय ते पाहायचं. पेन्सिलीने समासात एक ठिपका पुरे. चांगल्या कादंबरीत हे ठिपके आधी कपडे, आवाज, उशिरा येण्याची सवय अशा बाहेरच्या गोष्टींवर पडतात आणि हळूहळू त्याच्या मूडवर, थकव्यावर, न बोललेल्या वाक्यावर सरकतात. दीडशे पानं झाली तरी ठिपके खांद्यांवर आणि जबड्यावरच अडकलेले असतील, तर लेखिकेने प्रेम घडवलेलं नाही, नुसतं जाहीर केलंय.

एकाच ‘मी’ची गोष्ट असेल तर नायकाच्या डोक्यात शिरायला वाट नसते. त्याचं मन फक्त कृतीतून दिसणार: तीन आठवड्यांपूर्वी तिने ओझरतं सांगितलेलं काहीतरी त्याच्या लक्षात राहणं, वाद जिंकता येत असताना गप्प बसणं. हे जमत नाही तेव्हा लेखक पळवाटा शोधतात. दाराआडून ऐकलेला संवाद, चुकून उघडलेला मेसेज, किंवा ‘अगं, तो पहिल्या दिवसापासून तुझ्यावर मरतोय’ असं येऊन सांगणारी मैत्रीण. एकदा चालतं. दुसऱ्यांदा झालं की त्या नायकात दम नव्हता असं खुशाल समजावं.

हल्ली आलटून पालटून दोघांच्याही तोंडून सांगायची पद्धत फार आहे. एक प्रकरण तिचं, एक त्याचं. याने नायक मोकळा होतो, पण एक रहस्य कायमचं जातं, कारण तो तिच्यावर भाळलाय हे आपल्याला पन्नासाव्या पानावरच कळलेलं असतं. मग दोघांच्या आवाजात फरक हवाच. प्रकरणाच्या वरचं नाव झाकून मधलं एक पान वाचा. कोण बोलतंय ते वाक्यांच्या लांबीवरून, विनोदाच्या जातीवरून ओळखता आलं पाहिजे. मराठीत ही परीक्षा थोडी फसवी ठरते, कारण ‘मी थांबले’ आणि ‘मी थांबलो’ लगेच चुगली करतात. क्रियापदं सोडून बघायचं.

मराठीतून वाचताना आणखी दोन गोष्टी कानाला टोचू शकतात. पहिली, काळ. इंग्रजीत अशा कादंबऱ्या सर्रास वर्तमानकाळात असतात. तो तसाच उतरवला तर ‘मी दार उघडते, तो हसतो’ हे कधी नाटकातल्या रंगसूचनेसारखं, तर कधी रोजच्या सवयीसारखं वाटतं. एखाददुसऱ्या प्रसंगात रंगत येते, तीनशे पानं मात्र दमवतात. दुसरी गोष्ट, ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी होतं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे अनुवादकाला ती जागा स्वतः ठरवावी लागते. नीट ठरवली तर चुंबनाच्या प्रसंगापेक्षा ती जास्त लक्षात राहते. भांडणाच्या भरात एकेरीवर आलेली नायिका पुढच्या वाक्यात पुन्हा ‘तुम्ही’वर जाते, तेव्हा मूळ पुस्तकात नसलेली एक गंमत मराठीत फुकट मिळते.

निवड करताना मलपृष्ठावरच्या मजकुरावर फार विसंबू नये. पहिलं प्रकरण वाचावं. त्यात दोन धोक्याच्या खुणा हमखास सापडतात: नायिका आरशासमोर उभी राहून स्वतःचे केस आणि डोळे सांगते, किंवा भेट घडायच्या आधी चार पानं स्वतःच्या आयुष्याचा गोषवारा देते. विनोदही तपासावा. सतत स्वतःच्या धांदरटपणावर हसणारी ‘मी’ पहिल्या वीस पानांत गोड वाटते, नंतर अंगावर येते. तिचे डोळे जगाकडेही वळले पाहिजेत.

आता वेळेचं गणित. 320 पानांचं पुस्तक तासाला 40 पानांच्या वेगाने आठ तासांत संपतं. साधारण तीन चतुर्थांश झाल्यावर, म्हणजे 240 ते 255 पानांच्या आसपास, ताटातूट येते. तिथे रात्री पुस्तक मिटू नका. उरलेली पासष्ट ते ऐंशी पानं दोन तासांची आहेत, ती एका बैठकीला राखून ठेवा. ताटातुटीचं कारणही तपासा. एका फोनने मिटेल असा गैरसमज असेल तर चिडचिड होते, आणि ती रास्तच आहे. पण पहिल्या पानापासून ‘मी’ ज्या बाबतीत स्वतःला फसवत होती, तीच गाठ इथे आवळली गेली असेल, तर प्रसंग कितीही अपेक्षित असो, पोटात कालवतंच.

ऑडिओबुक ऐकणार असाल तर वेग 1.25च्या वर नेऊ नका. ‘रस नव्हता’ आणि ‘काल होतं ते’ यांच्या मधला थांबाच चेपला जातो, मग हसायचं कुठे तेच कळत नाही.

पुस्तक संपल्यावर लगेच कपाटात टाकू नका. पहिली पन्नास पानं पुन्हा चाळा, या वेळी ठिपके त्याच्या बाजूने मारा. ती बटण बघत होती तेव्हा तो काय बघत होता, हे तिने स्वतःच नकळत सांगून ठेवलेलं असतं.