बरं वाटतंय, मग गोळ्या बंद करू का?

‘झोप लागते, जेवण जातं, ऑफिसही सुरू झालंय. आता गोळ्या बंद करू का?’ नैराश्यावर उपचार घेणारी माणसं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

एवढ्यात नको. गोळीचा गुण यायलाच दोन ते सहा आठवडे जातात. पूर्ण बरं वाटू लागल्यावरही ती त्याच डोसमध्ये निदान सहा ते नऊ महिने घ्यायची असते. आजार आधी येऊन गेला असेल तर दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. हे महिने बरं वाटू लागल्या दिवसापासून मोजायचे. बहुतेक जण पहिल्या गोळीपासून मोजतात आणि घोळ तिथेच होतो.

थांबवायची वेळ आली की आधी स्ट्रिपची मागची बाजू वाचा. एस्सिटालोप्राम (नैराश्यावरचं नेहमीचं औषध) १० मिलिग्रॅमसोबत त्याच गोळीत क्लोनाझेपाम (घबराट आणि झोपेसाठीचं औषध) ०.५ मिलिग्रॅम असतं, असं पुष्कळदा दिसतं. ती सोडली की दोन औषधं एकाच दिवशी तुटतात, आणि क्लोनाझेपाम बरेच महिने घेतलेलं असेल तर फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांना दोन्ही वेगळी करून मागा, मग एकेक उतरवता येतं. एस्सिटालोप्राम १० वरून ५, मग २.५, प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. शेवटची पायरी सगळ्यात जड जाते, कारण मेंदूवरचा परिणाम डोसच्या प्रमाणात कमी होत नाही. ५ वरून एकदम शून्यावर येणं हे १० वरून ५ वर येण्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. ‘एक दिवसाआड घे’ हा शेजारपाजारचा सल्ला ऐकू नका, त्याने औषधाची पातळी नुसती वरखाली होत राहते.

डोस कमी केल्यावर दोन-चार दिवसांतच चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखं होणं, भलतीच स्वप्नं, चिडचिड सुरू झाली, तर तो बहुधा औषध कमी केल्याचा त्रास. डॉक्टरांना विचारून आधीच्या डोसवर गेलं की लवकर ओसरतो. काही आठवड्यांनी हळूहळू पहाटे तीनला जाग येऊ लागली, आंघोळ टळू लागली, फोन उचलवेना, तर आजार परततोय. ही लक्षणं घरच्या एकाला आधीच सांगून ठेवा, त्यांना ती तुमच्याआधी दिसतात. जीव नकोसा वाटला तर थांबू नका. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आणि परीक्षा, बदली किंवा घरात कुणाचं आजारपण तोंडावर असेल, तर डोस कमी करणं दोन महिने पुढे ढकला.