नानायच्या भिंतीवरची रेघ

लॉस बान्योस सोडून आठवडा झाला. गंगाखेडला आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय बाई, कसं होतं तिकडं?" आणि मी "छान होतं" म्हणून विषय संपवते. उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाहीच, म्हणून लिहायला बसले.

लॉस बान्योस हे फिलिपिन्समधलं, मनिलाच्या दक्षिणेचं गाव. एका अंगाला माकिलिंगचा डोंगर, दुसऱ्या अंगाला लागुना दे बाय, त्या देशातलं सर्वांत मोठं सरोवर. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० साली इथेच उभी राहिली आणि १९६६ मध्ये आयआर-८ हा बुटका, भरघोस पिकणारा भात इथूनच बाहेर पडला. माझं पीएच.डी.चं एक वर्ष तिथे गेलं. विषय होता पुरात तगणारा भात. घरी सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, "बुडणाऱ्या पिकाचं आपल्याला काय करायचं? आपलं बुडतंय कुठं, वाळतंय."

मी सरोवराच्या काठच्या वस्तीत एका बाईंच्या घरी राहायचे. सगळी गल्ली त्यांना नानाय म्हणजे आई म्हणायची, मीही म्हणू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरातली भिंत दाखवली. सगळं घर फिकट पिवळं, पण माझ्या छातीच्या उंचीवर एक मातकट पट्टा तसाच ठेवलेला. २००९ च्या सप्टेंबरात ओंदोय वादळ आलं, सरोवर फुगलं आणि काठच्या गावांमधलं पाणी महिनोन्‌महिने हटलं नाही. ही त्या पाण्याची रेघ. दर वेळी घराला रंग देताना नानाय तेवढी जागा सोडायला लावतात. त्या रेघेखाली त्यांच्या घरात काहीही महत्त्वाचं ठेवत नाहीत. तांदळाचा डबा, कागदपत्रं, देवघरातली मेरीची मूर्ती, सगळं वर.

मी त्यांना लातूरचं सांगितलं. २०१६ साली मी बारावीच्या तयारीसाठी लातूरला होते. नळाला पाणी येणं बंदच झालं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. टँकरचा आवाज आला की आम्ही पोरी पुस्तकं तशीच टाकून घागरी घेऊन धावायचो. मग एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेका वाघिणीत पन्नास हजार लिटर. नानायना वाटलं माझं इंग्रजी चुकतंय. "पाणी? रेल्वेनं?" मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून भांडी घासताना नळ बारीक सोडायला लागल्या. बाहेर धो धो पाऊस पडत असायचा, गटारं वाहत असायची, आणि ही बाई माझ्या लातूरसाठी नळ बारीक करायची. त्याने काय होणार, असं मी कधीच म्हटलं नाही. मला ते फार आवडायचं.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर. दादाने व्हिडिओ पाठवला. गोदाकाठचं आमचं रान दिसत नव्हतं, नुसतं पाणी. शेंगा भरलेलं सोयाबीन गुडघ्याच्या वर बुडालेलं. माय मागून म्हणत होती, "गेलं सगळं, बाई. सगळं गेलं." बीड, धाराशिव, नांदेड, सगळीकडे तेच. माणसं गेली, जनावरं गेली, माती खरवडून गेली. मी नानायच्या स्वयंपाकघरात बसून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते. त्यांनी फोन हातात घेतला, पाहिला आणि एवढंच विचारलं, "घरात माणसं वर चढली का?" पूर ज्याने सोसलाय त्यालाच हा प्रश्न पहिला सुचतो.

त्यानंतर माझ्या कामाकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले. भाताचं साधं रोप पाण्याखाली गेलं की हवेसाठी उंच उंच वाढत सुटतं. त्यात अंगातला साठा संपतो आणि पाणी उतरलं की ते लोळतं. सब-१ हा जनुक असलेलं रोप वाढ थांबवतं, साठा जपतं आणि पाणी ओसरल्यावर नव्याने फुटतं. दोन आठवडे बुडून राहिलं तरी. हा जनुक मिळाला ओडिशातल्या एफआर-१३ए या वाणातून, म्हणजे आपल्याच शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या भातातून. टाकीतलं पाणी सोडून दिल्यावर चिखलात पडलेल्या रोपांना कोवळं पान फुटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला आमचं सोयाबीन आठवून रडू आलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नानायनी जेवण ठेवलं होतं. लॅबमधली पोरं, वरच्या मजल्यावरची व्हिएतनामी मैत्रीण, कोपऱ्यावरचा जीपनीवाला (जीपनी म्हणजे तिकडची प्रवासी जीप), सगळे आले. मी माळकरी घरातली. तिथे डाळीतही मासळी नाहीतर डुकराचं मांस घालतात, त्यामुळे सुरुवातीचे दिवस माझे भात आणि केळ्यांवर गेले होते. पुढे नानायनी माझ्यासाठी मुगाची आमटी वेगळी करायला सुरुवात केली. मासळी नाही, लसूण भरपूर, वरून शेवग्याचा पाला. आपल्याकडे शेवग्याचा पाला करतात तसा कोरडा नाही, पार मऊ शिजलेला. त्या संध्याकाळी सगळ्या पाहुण्यांसाठी तीच आमटी होती. डुकराच्या मांसाशिवाय पाहुणचार ही तिकडे लहान गोष्ट नाही.

पाहुणे गेल्यावर त्यांनी कपाटातून मार्कर काढला आणि मला भिंतीजवळ बोलावलं. "तुझ्या शेतात पाणी किती होतं? दाखव." मी गुडघ्याच्या वर हात धरला. त्यांनी ओंदोयच्या पट्ट्याखाली, तिथे, एक रेघ मारली आणि शेजारी माझ्याकडून 'परभणी, २०२५' लिहून घेतलं. देवनागरीत लिही म्हणाल्या. ते मी लिहिलं आणि मग आम्ही दोघी रडलो. आपल्या रानाचं दुःख दुसऱ्या देशातल्या कुणी आपल्या भिंतीवर मांडेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सकाळी गाडी आली तेव्हा मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला धरलं. तिकडे मोठ्यांचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावतात. मग तसं केलं. त्यांच्या हाताला लसणाचा वास होता.

घरी आल्यावर अण्णांना हे सगळं सांगितलं. आता ते हसले नाहीत. "तो भात आपल्या काळ्या रानात येईल का?" म्हणाले. म्हटलं, तो पाणथळ भागांसाठी आहे, आपल्याकडचं मुख्य पीक सोयाबीन, त्यासाठी काम करायला हवं आणि मी तेच करणार आहे. तोवर निदान बीबीएफने पेरू. रुंद वरंब्यावर पीक, बाजूच्या सरीतून जादा पाणी वाहून जातं, आणि पावसाने ओढ दिली तर तीच सरी ओल धरते. आमच्या विद्यापीठाने ही गोष्ट कितीदा सांगितली, पण अण्णा आजवर ऐकत नव्हते.

काल त्यांनी स्वतःहून शेजारच्या काकांना फोन लावला. "तुमचं ते बीबीएफ यंत्र मृगात मोकळं आहे का? खालच्या रानाला लावावं म्हणतो, नदीकडच्या."