देश मिलिटरीच्या हातात द्या म्हणणाऱ्यांसाठी, वॉर्सातून

“आपल्याकडे एकदा पाच वर्षं मिलिटरी राज आणा, सगळे सुतासारखे सरळ होतील.” साताऱ्याहून आलेले आमचे काका जेवताना म्हणाले, तेही इंग्रजीत, माझ्या पोलिश सहकारिणीसमोर. ती एरवी वडीलधाऱ्यांपुढे वाद घालत नाही. त्या दिवशी घातला.

१३ डिसेंबर १९८१, रविवार. ती शाळकरी पोर. सकाळी नऊला मुलांचा ‘तेलेरानेक’ कार्यक्रम लागायचा, तो लागलाच नाही. टीव्हीवर आले पोलंडचे तेव्हाचे कम्युनिस्ट सत्ताधीश जनरल यारुझेल्स्की, गणवेशात, मार्शल लॉ जाहीर करायला. मग बातम्या देणारेही लष्करी गणवेशात दिसू लागले. फोन बंद. पुढे सुरू झाले, पण आजीला फोन लावला की मध्येच रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा, तुमचं बोलणं ऐकलं जातंय. तीनच दिवसांत कातोवित्सेच्या वुयेक खाणीतला संप मोडायला रणगाडे गेले आणि पोलिसांच्या गोळ्यांनी ९ खाणकामगार मारले गेले. “सगळे सरळ झाले होते,” ती म्हणाली.

काका गप्प. मला मात्र त्यांची बाजू घ्यावीशी वाटली. आपल्याकडे हे वाक्य जवानांवरच्या मायेतून येतं. अपशिंग्यासारखं घरटी फौजी देणारं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसाला लष्कर म्हणजे आपलंच पोर वाटतं. आणि १९६२ साली हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री म्हणजे यशवंतराव काही सेनापती नव्हते. पुढे संरक्षणमंत्री झालेले शरद पवार, मनोहर पर्रीकर, कुणीच वर्दीतला नव्हता. हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्याची किंमतच उरली नाही. पोलंडला कम्युनिस्ट राजवट गेल्यावर पहिला मुलकी संरक्षणमंत्री, यान पारिस, मिळाला तो डिसेंबर १९९१ मध्ये.

तेवढ्याने भागलंही नाही. ३० सप्टेंबर १९९४ ला द्राव्स्कोच्या सराव-तळावर जेवणाच्या टेबलावर राष्ट्राध्यक्ष लेक वावेन्सांनी (आपण वालेसा म्हणतो ते) जनरलांना विचारलं, संरक्षणमंत्र्यांवर तुमचा विश्वास आहे का? बहुतेकांनी नाही म्हटलं. नोव्हेंबरात मंत्री कोवोजेयचिक गेले. ते स्वतः निवृत्त ॲडमिरल, तरी त्यांची ही गत. हे वाचून मी हादरलो. आयुष्यभर हुकूमशाहीशी लढलेला, नोबेल मिळालेला गोदी कामगार, आणि त्यानेच जनरलांना मंत्र्याविरुद्ध मत द्यायला लावलं! सरसेनाध्यक्ष विलेत्स्कींना मंत्री मध्ये नकोच होता, थेट राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली राहायचं होतं. वावेन्सांना तर ते सोयीचंच होतं. कम्युनिस्ट गेले म्हणजे सवयीही जातात असं नाही.

यातून ते सावरले ते कायद्याने. डिसेंबर १९९५ च्या कायद्याने जनरल स्टाफ, म्हणजे सैन्याचं मुख्यालय, मंत्र्याच्या हाताखाली आला. १९९७ च्या राज्यघटनेत कलम २६ म्हणतं, सैन्य राजकारणात तटस्थ आणि मुलकी, लोकशाही नियंत्रणाखाली राहील. कलम १३४ प्रमाणे राष्ट्राध्यक्ष सर्वोच्च सेनापती, पण शांततेच्या काळात अधिकार चालवायचा तो संरक्षणमंत्र्यामार्फत. विलेत्स्की त्याच वर्षी पदावरून गेले. द्राव्स्कोची एकेक फट त्यांनी लिहून बुजवली, आणि याचा मला मनापासून आदर वाटतो. आपलं बरंचसं काम नेहरूंच्या काळापासूनच्या रिवाजावर चालतं. तो टिकला हे आपलं भाग्य, पण त्यात शहाणपणही आहेच. १९९८ च्या ३० डिसेंबरला नौदलप्रमुख विष्णू भागवतांना सरकारने तडकाफडकी काढलं. निर्णयाबद्दल काहीही म्हणा, एकही जहाज हललं नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, निवडणुकीला आठवडाही उरला नसताना, पोलंडचे सरसेनाध्यक्ष आंद्झेयचाक आणि ऑपरेशनल कमांडर पियोत्रोव्स्की यांनी राजीनामे दिले. बिदगोश्च शहराजवळ पडलेल्या रशियन क्षेपणास्त्रावरून संरक्षणमंत्र्याने वसंतातच जनरलांकडे बोट दाखवलं होतं. सहकारिणीला या राजीनाम्यांची लाज वाटते. मी तिला सांगितलं, दोघे चिडून घरी गेले, टीव्हीवर गेले नाहीत, आणि रविवारी तू रांगेत उभी राहून मत दिलंस.