तीन गुणांवर व्हिएतनाम आत आणि भारत बाहेर, ते कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून. फुटबॉलच्या आशियाई चषकाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. २०१९ मध्ये भारताचे तीन गुण (विजयाला तीन, बरोबरीला एक) आणि गोलफरक, म्हणजे केलेले वजा खाल्लेले गोल, शून्य. व्हिएतनामचेही तीन गुण, पण गोलफरक उणे एक. तरी व्हिएतनाम बाद फेरीत आणि भारत घरी. विचारणाऱ्याच्या सुरात बहुतेक वेळा 'आपल्याला डावललं' असं काहीतरी असतं. कुणी डावललं नाही. भारत तीन गुणांमुळे बाहेर गेलाच नाही, चौथ्या क्रमांकामुळे गेला.

२००४ ते २०१५ हा घोळ नव्हता. तेव्हा सोळा संघ, चार गट, प्रत्येकी पहिले दोन पुढे, विषय संपला. २०१९ पासून चोवीस संघ आले, चार-चारचे सहा गट झाले. पहिले दोन घेतले की बारा होतात आणि बाद फेरीला तर सोळा लागतात. म्हणून सहा गटांतल्या सहा तिसऱ्या संघांमधून चार उचलतात. म्हणजे तक्ते दोन प्रकारचे: एक गटाचा, दुसरा तिसऱ्यांचा. दुसऱ्या तक्त्यात शिरायचं तर आधी आपल्या गटात तिसरं यावं लागतं. चौथ्याकडे किती गुण आहेत हे कुणी बघतही नाही.

ए गटात भारताने थायलंडला ४-१ हरवलं, यूएईकडून ०-२ हरला आणि १४ जानेवारीला शारजात बहारीनकडून ०-१ हरला. तो गोल इंज्युरी टाइममधल्या (नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेतल्या) पेनल्टीवर जमाल रशीदने केला. सामना ०-० सुटला असता तर भारताचे चार गुण झाले असते, थायलंडचेही चार, आणि थायलंडला आपण हरवलेलं असल्यामुळे आपण थेट दुसरे. इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. विसरतात ते त्याच वेळी अल ऐनमध्ये चालू असलेल्या दुसऱ्या सामन्याला. तिथे थायलंडने यूएईला १-१ रोखलं. थायलंड तो सामना हरला असता, तर थायलंड आणि भारत दोघे तीन-तीन गुणांवर आणि आपसातल्या विजयामुळे भारत तिसरा. मग तीन गुण, गोलफरक शून्य, केलेले गोल चार, हा हिशेब व्हिएतनामपेक्षा सरस ठरून भारत पुढे गेला असता, तेही बहारीनकडून हरून! रशीदच्या पेनल्टीइतकाच थायलंडचा तो बरोबरीचा गोल आपल्याला नडला.

आता त्याच गटात वर बघा. यूएई पाच, थायलंड चार, बहारीन चार. बहारीनचा गोलफरक शून्य, थायलंडचा उणे दोन. तरी दुसरा थायलंड. क्रिकेट बघून तयार झालेला आपला डोळा इथे हमखास फसतो. गुण सारखे झाले की आपण नेट रन रेट शोधतो, म्हणून इथेही आधी गोलफरकाकडे नजर जाते. शिवाय २०२२ च्या कतार विश्वचषकात गोलफरकच आधी धरला होता, त्यामुळे सवय आणखी पक्की झाली. आशियाई चषकात गुण सारखे असले की आधी त्या संघांचा आपसातला सामना बघतात. थायलंडने बहारीनला १-० हरवलं होतं. तिथेच निकाल लागला, गोलफरकापर्यंत जायची गरज पडली नाही.

पूर्ण क्रम असा. सारख्या गुणांच्या संघांचे आपसातले गुण, मग आपसातला गोलफरक, मग आपसात केलेले गोल. तरी सुटलं नाही तर गटातल्या तिन्ही सामन्यांचा गोलफरक, मग तिन्ही सामन्यांतले एकूण गोल. अजूनही बरोबरी आणि तेच दोन संघ शेवटच्या सामन्यात समोरासमोर असतील, तर तिथल्या तिथे पेनल्टी शूटआउट. हो, गटसाखळीत शूटआउट. नाहीतर पंचांनी दाखवलेल्या पिवळ्या-लाल कार्डांचा हिशेब आणि अगदी शेवटी चिठ्ठी.

२०२३ ची स्पर्धा (खेळली गेली जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये, कतारला) सी गटापुरती तरी पुन्हा बघा, हा क्रम कसा चालतो ते तिथे नीट दिसतं. यूएई आणि पॅलेस्टाईन दोघांचे चार गुण. आपसातला सामना १-१, म्हणजे पहिल्या तिन्ही पायऱ्या निरुपयोगी. मग एकूण गोलफरक: यूएई अधिक एक, पॅलेस्टाईन शून्य. यूएई दुसरा. पण यूएईचा तो अधिक एक आला कुठून? इराणविरुद्ध ०-२ ने मागे असताना, सामना हातचा गेलेला असताना, इंज्युरी टाइममध्ये केलेल्या एका गोलातून. तो नसता तर दोघांचा गोलफरक शून्य आणि पॅलेस्टाईनचे एकूण गोल पाच, यूएईचे चार. पॅलेस्टाईन दुसरा झाला असता आणि त्याला यजमान कतारऐवजी ताजिकिस्तान मिळाला असता. 'आता काय, हरलोच' म्हणून शेवटची पाच मिनिटं चालत काढणारे संघ बघितले की मला हा गोल आठवतो.

तीन संघ सारख्या गुणांवर आले की लोक सर्वाधिक चुकतात. अशा वेळी चौथ्या संघाविरुद्धचे सामने बाजूला काढायचे आणि तिघांचा छोटा तक्ता मांडायचा. त्या दुबळ्या चौथ्याला सहा गोल मारलेत की एक, या टप्प्यावर काही फरक पडत नाही. समजा कने खला १-० हरवलं, खने गला २-१, आणि गने कला १-०. तिघांचे आपसात तीन-तीन गुण, तिघांचा गोलफरक शून्य. गोल मात्र कचा एक, खचे दोन, गचे दोन. क तिसरा झाला, तो वेगळा काढा. उरलेले ख आणि ग. इथे बरेच जण घाई करून एकूण गोलफरकावर उडी मारतात. तसं नाही. दोघेच उरले की क्रम पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होतो. खने गला हरवलंय, ख पहिला.

तिसऱ्यांच्या तक्त्यात यातलं काहीच चालत नाही, कारण ते संघ एकमेकांशी खेळलेलेच नसतात. तिथे क्रम सरळ: गुण, गोलफरक, केलेले गोल, कार्डं, चिठ्ठी. त्यामुळे विचित्र गोष्ट अशी होते की ज्या सहा गोलांना गटात तीनजणांच्या भांडणात किंमत नव्हती, ते इथे सोन्याचे होतात.

आणि कार्डं खरोखर मोजली जातात. २०१९ मध्ये व्हिएतनाम आणि लेबनॉन दोघांचे गुण तीन, गोलफरक उणे एक, केलेले गोल चार, खाल्लेले पाच. तंतोतंत. व्हिएतनामची पिवळी कार्डं पाच, लेबनॉनची सात. व्हिएतनाम आत. हिशेब असा असतो: पिवळ्याला एक, दोन पिवळी मिळून लाल झालं तर तीन, थेट लालला तीन, आधी पिवळं आणि मग थेट लाल असेल तर चार. ज्याचा आकडा कमी तो वर.

लेबनॉनची गोष्ट कार्डांवर संपवणं मात्र मला पटत नाही. ते शेवटच्या दिवशी, १७ जानेवारीला उतरले तेव्हा व्हिएतनामचे आकडे आदल्या दिवसापासून सर्वांसमोर होते. लेबनॉन आधीचे दोन्ही सामने ०-२ हरलेला, म्हणजे गोलफरक उणे चार, केलेला गोल एकही नाही. समोर उत्तर कोरिया, ज्याने आधीच्या दोन सामन्यांत दहा गोल खाल्लेले आणि एकही केलेला नव्हता. ३-० पुरणार नव्हतं: गोलफरक उणे एक होतो, पण गोल तीनच. ४-० पुरलं असतं, ५-२ सुद्धा पुरलं असतं. झाला ४-१. उत्तर कोरियाने स्पर्धेतला आपला एकमेव गोल नेमका तिथे केला. कार्डांचा नियम क्रूर आहे असं म्हणतात. चिठ्ठीपेक्षा तो मला बरा वाटतो, निदान खेळाडूच्या हातात तरी असतो. पुढे व्हिएतनामने जॉर्डनला शूटआउटमध्ये काढलं आणि उपांत्यपूर्व फेरीत जपानकडून ०-१ हरला.

मग किती गुण पुरतात? या दोन स्पर्धांमध्ये मिळून बारा संघ गटात तिसरे आले. चार गुणवाले चार होते, चारही पुढे गेले. तीन गुणवाले पाच, त्यातले चार गेले, लेबनॉन राहिला. दोन गुणवाले तीन, एकही गेला नाही. चार गुण असले की निवांत झोपावं, तीनवर कॅल्क्युलेटर घेऊन बसावं, दोनवर सामान भरायला घ्यावं. तीन गुणांवर गोलफरक किती हवा याचा मात्र ठरलेला आकडा नाही. लेबनॉन उणे एकवर बाहेर आणि २०२३ ला इंडोनेशिया उणे तीनवर आत, कारण त्या वर्षी बाकीचे आणखी मागे होते.

हे घरी बसून मोजायचं असेल तर एक कागद पुरतो. ए ते एफ सहा ओळी आणि चार रकाने: गुण, गोलफरक, केलेले गोल, कार्डांचा आकडा. शेवटच्या फेरीत एका गटाचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होतात, पण सगळे गट एका दिवशी संपत नाहीत, तीन-चार दिवस जातात. ज्या गटाचे सामने उरलेत तिथे नाव लिहू नका. तिथला तिसरा कमीत कमी किती गुणांवर असेल तो आकडा लिहा. सगळी गंमत त्या आकड्यात आहे. चीनचं बघा. २०२३ ला त्यांचे सामने २२ जानेवारीला संपले: दोन गुण, गोल शून्य. तेव्हा बाकी सगळ्या गटांची शेवटची फेरी उरली होती, पण डी आणि ई गटांत तिसरा कुणीही आला तरी त्याचे किमान तीन गुण असणार हे कागदावर आधीच दिसत होतं. २३ तारखेला बी गटात सीरियाने भारताला १-० हरवून चार गुण केले, पॅलेस्टाईनने हाँगकाँगला ३-० हरवून चार केले. चीनच्या वर चार गट झाले, खेळ खलास. दोन दिवस अजून सामने चालणार होते, तरी कागद संपला होता. इंडोनेशिया मात्र २५ पर्यंत अडकला, कारण ओमानने किर्गिझस्तानला हरवलं असतं तर तो चार गुणांवर गेला असता. तो सामना १-१ सुटला. फोनवरच्या तक्त्यांवर या काळात फार विसंबू नका. काही तक्ते सरसकट गोलफरकाने रांग लावतात आणि कार्डं दाखवत नाहीत.

या वेळापत्रकात एक खोट आहेच. ए गटवाल्याला अंधारात खेळावं लागतं, एफ गटवाल्याला नेमकं किती हवंय ते ठाऊक असतं. त्यावर उपाय दिसत नाही. बारा सामने एका वेळी लावता येणार नाहीत.

तिसऱ्याची गाठ कुणाशी, हेही आधीच छापलेलं असतं. सहातून चार निवडायच्या पंधरा शक्यता होतात आणि प्रत्येक शक्यतेत कुठला तिसरा कुठल्या विजेत्यासमोर हे ठरलेलं. मेख अशी की तिसरे संघ फक्त ए, बी, सी, डी गटांच्या विजेत्यांना मिळतात. ई आणि एफ गटांच्या विजेत्यांसमोर दुसऱ्या क्रमांकाचे संघ येतात. २०२३ ला ई गट जिंकल्याचं बक्षीस म्हणून बहारीनला जपान मिळाला, एफ गट जिंकलेल्या सौदीला दक्षिण कोरिया. दोघे तिथेच संपले. आणि बहारीनच्याच गटात तिसरा आलेला जॉर्डन इराक, ताजिकिस्तान, दक्षिण कोरिया असे पार करत अंतिम सामन्यापर्यंत पोचला, कतारकडून १-३ हरला. ई गटात पहिलं यावं की तिसरं, या प्रश्नावर हसू नका.

आणखी एक गैरसमज काढून टाका: २०२७ च्या शेवटच्या पात्रता फेरीत तिसऱ्याला काय, दुसऱ्यालाही जागा नव्हती. ७ जानेवारी २०२७ ला सौदीत सुरू होणाऱ्या स्पर्धेसाठी तिथे चारच्या गटातून एकच संघ जाणार होता. भारताच्या गटात हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश. १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात फातोर्ड्याला भारत सिंगापूरकडून १-२ हरला, तेव्हा चार सामन्यांत आपले दोन गुण झाले, सिंगापूर आणि हाँगकाँगचे आठ-आठ. उरलेले दोन्ही सामने जिंकून आपणही आठला पोचलो असतो, म्हणून त्या रात्री 'अजून गणिती आशा आहे' असं काहीजण म्हणत होते. नव्हती. सिंगापूरशी आपसातले गुण एकास चार, म्हणजे बरोबरीत आपण खालीच. शिवाय सिंगापूर आणि हाँगकाँग यांचा आपसातला सामना बाकी होता. तो बरोबरीत सुटला तरी दोघे नऊवर जाणार होते.