चेंबरचा बोल्ट सुटेना तेव्हा

गाडीचं ऑइल घरी बदलायचं ठरवलं की जो तो सांगतो, "खालचा बोल्ट सोड, ऑइल काढ, बोल्ट लाव, झालं." माझं घोडं त्या बोल्टपाशीच, म्हणजे चेंबरच्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या) बोल्टपाशीच अडलं. आदल्या सर्व्हिसला एका गॅरेजमधला पोरगा तो एअर गनने आवळताना मी स्वतः पाहिलं होतं. बोल्ट बसल्यावरही त्याने गन आणखी दोनदा दाबली. त्याची फळं मी पुण्यातल्या आमच्या धायरीच्या सोसायटीतल्या पार्किंगमध्ये, पाठीखाली पुठ्ठा घालून भोगली.

बोल्टचं डोकं सतराच्या मापाचं. टॉर्च मारून पाहिलं तर सहापैकी चार कोपरे आधीच झिजून चकाकत होते. बारा कोनी रिंग पाना त्यावर नुसता टेकत होता, धरत नव्हता. जोर लावला असता तर उरलेले कोपरेही गेले असते, म्हणून तिथेच थांबलो.

वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या मित्रापर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच: "डब्ल्यूडी-४० मारून ठेव रात्रभर." म्हणजे गंजलेले बोल्ट सोडवायला मारतात तो तेलकट फवारा. मी तो मानला नाही, आणि त्याचं कारण नीट सांगण्यासारखं आहे. या बोल्टचे आटे आतून कायम तेलात असतात, तिथे गंज धरत नाही. खरी पकड असते डोक्याखालच्या वॉशरची. तो मऊ धातूचा असतो. बेताने आवळला तर किंचित दबून गळती थांबवतो, पण वाजवीपेक्षा जास्त आवळला की पार चेपून बोल्ट आणि चेंबर दोन्हींना घट्ट बसतो. इतक्या दाबाखाली फवारा शिरणार कुठून? इथे हवी चांगली पकड, थोडी ऊब आणि एक झटका.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका भोसरीच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना बोलावलं. त्यांनी खाली वाकून बोल्टवरून नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे, हा पान्याने सुटायचा नाही. सहा कोनी गोटी आण, सोळाची. आणि लांब दांडा." गोटी म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा सॉकेट.

रविवार होता, म्हणजे जुना बाजार भरलेला. बुधवारी आणि रविवारी तिथे जुनी हत्यारं ढिगाने मिळतात. नव्या चकचकीत सेटपेक्षा तिथली जाड भिंतीची जुनी गोटी केव्हाही बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. गोटी आणि तिला लावायची दोन फुटी टॉमी, म्हणजे लांब दांडा, घेतली. नवा बोल्ट आणि वॉशर नाना पेठेतून आदल्या दिवशीच आणून ठेवले होते. जुना बोल्ट निघाला तरी तो परत लावण्याच्या लायकीचा राहणार नाही, हे डोकं बघूनच कळलं होतं.

गाडी जॅकवर उचलून दोन्ही बाजूंना स्टँड दिले, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना लाकडी ओंडके लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर किंवा विटांवर गाडी ठेवून कुणीही खाली शिरू नये. हे मी हात जोडून सांगतो. इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं. आमचं चेंबर ॲल्युमिनियमचं आहे आणि बोल्ट पोलादी. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे आट्यांची पकड थोडी ढिली पडते. शिवाय कोमट तेल पातळ होऊन पूर्ण निथळतं. गॅसची ज्योत मात्र तिथे नकोच नको, आत तेल आहे.

काकांनी आधी कानशीने डोक्याच्या कडा जरा साफ केल्या, मग सोळाची गोटी त्यावर ठेवून हातोडीने हलके हलके ठोकली. ॲल्युमिनियमला तडा जाऊ नये म्हणून ठोके बेताचे, पण सरळ. झिजलेल्या डोक्याचा बारीक कीस काढत गोटी आत सरकली आणि घट्ट बसली. या ठोक्यांचा दुसराही फायदा होतो, वॉशर जागचा हादरतो.

आता दिशा. गाडीखाली उताणं पडल्यावर भल्याभल्यांचा गोंधळ होतो. बोल्टचं डोकं आपल्याकडे तोंड करून आहे असं धरायचं आणि घड्याळाच्या उलट फिरवायचं, बस. मी एका हाताने गोटी बोल्टवर दाबून धरली. काका म्हणाले, "ओढत बसू नकोस, झटका दे." टॉमीच्या टोकावर तळहाताने जोरात फटका मारला. काही नाही. पुन्हा मारला. मग एक कोरडा "कट्" असा आवाज आला आणि दांडा खाली आला. क्षणभर वाटलं, डोकंच तुटलं! पण गोटीबरोबर बोल्टही फिरला होता. जिवात जीव आला.

पुढचं काम नेहमीचंच. बोल्ट बोटांनी आत दाबून धरत फिरवला, म्हणजे शेवटच्या आट्याला तेल मनगटावर येत नाही. चेंबरला चिकटून राहिलेला वॉशर नखाने काढला. तो एका बाजूला कागदासारखा पातळ झाला होता आणि कडेला धार आली होती. चेंबरचे आटे शाबूत होते. ते गेले असते तर नवे आटे पाडून त्यात आट्यांचं काम करणारी तारेची स्प्रिंग बसवावी लागली असती, नाहीतर चेंबरच बदलावं लागलं असतं.

नवा बोल्ट आधी हाताने पूर्ण आत घेतला, मग टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) ३५ न्यूटन-मीटरवर आवळला. आमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला हा आकडा आहे. तुमच्या गाडीचा वेगळा असू शकतो, तो पाहूनच आवळा. जुनं ऑइल डब्यात भरून ते रीसायकलिंगला देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन दिलं. ते गटारात ओतणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण शेवटी ते मुठेतच जातं.

सिंहगड रोडवर एक फेरी मारून आल्यावर बोल्टभोवती कोरडं फडकं फिरवलं, तेलाचा डाग नव्हता. पुढच्या सर्व्हिसला तोच बोल्ट साध्या रिंग पान्याने, एका हाताने सुटला.